चावीच्या भोकांची गिटार

प्रिय दादा,

हे पाकीट उघडण्याआधी तू ते दोनदा झटकलं असशील, उजेडासमोर धरून पाहिलं असशील, मग एका कोपऱ्यातून हळूच फाडलं असशील. तुझं काही चुकलं नाही, माझा इतिहासच तसा आहे. पण यात खाजेची पूड नाही, मेलेलं झुरळ नाही आणि पानंही एकमेकांना चिकटवलेली नाहीत. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ आपोआप चेष्टेवर येते. मग मला जे सांगायचंय ते त्या चेष्टेतच वाहून जातं. हे आतापर्यंत चार वेळा झालंय. तुला ते कळलंही नाही. तुला वाटलं, बहिणीनं नुसताच टाइमपास करायला फोन केला. म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस. शाळेत मी बाकाखाली जास्त आणि बाकावर कमी बसले, त्याचा हा परिणाम.

घरी सगळं बरं आहे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याच्याहून जास्त चालतं, म्हणजे ठीकच. मी अजून त्या झेरॉक्सच्या दुकानातच आहे. मागच्या महिन्यात मालक जेवायला गेले होते तेव्हा त्यांच्या ओळखपत्रावरचा रागीट फोटो चारपट मोठा करून मी मशीनच्या झाकणाच्या आत चिकटवला. पहिल्या गिऱ्हाइकानं झाकण उघडलं आणि किंचाळलं. मालक दिवसभर हसले आणि संध्याकाळी मला शाईचा डबा घासायला लावला. त्यामुळे नोकरी शाबूत आहे, नखं मात्र काळी.

आता मूळ मुद्दा. महिन्याभरापूर्वी आईनं ठरवलं की आतल्या खोलीतलं मोठं कपाट हलवायचं, मागून भिंतीला ओल आली होती. कपाटावरचं सामान बाबा एकेक करून खाली देत होते आणि मी घेत होते. जुनी बॅग, फुटका पंखा, आणि मग चादरीत गुंडाळलेली, बाबांनी तुझ्यासाठी बनवलेली गिटार. बाबांनी ती माझ्या हातात दिली नाही. स्वतःच घेऊन खाली उतरले, चादर सोडली, गिटार उलटी केली, बोटांनी पाठीवर टकटक केलं आणि कानावरची पेन्सिल काढून पाठीवर दोन सरळ रेघा मारल्या. मी विचारलं हे काय. तर म्हणाले, पाठीचं लाकूड जाड आहे, दोन स्टुलांच्या बैठका निघतील, उगाच धूळ खात पडलंय. कपाट पुढच्या रविवारी सरकवू, तेव्हाच कापून टाकतो. असं म्हणाले जसं काही जुना पलंग मोडायचाय. आई दुसरीकडे बघत राहिली. मी म्हटलं रविवारपर्यंत मला द्या. कशाला, तर म्हटलं फोटो काढायचेत. ते म्हणाले, घे.

तुला त्या दिवसाची आठवण करून द्यायची नाहीये, पण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. हॉलमध्ये बँडवाल्यांनी गिटारवाला निवडायला सात-आठ पोरं बोलावली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत, शेजारी आई, शेजारी मी, तेव्हा बारा वर्षांची. तू बसलास, सुरुवात छान झाली आणि तुझी बोटं जशी वर वर सरकायला लागली तसा सूर आंबत गेला. जितका वर जाशील तितका चढा. ट्रंपेटवाल्यानं तोंड वाकडं केलं, मागून कुणीतरी हसलं आणि तू मध्येच थांबून उठलास. घरी आल्यावर गिटार टेबलावर ठेवून तू बाबांना म्हणालास, "तुम्ही कच्चं लाकूड वापरलंत. दोन महिन्यांत फिरलं ते. ही गिटार नाही बाबा, ओली फळी आहे." आणि बाबा म्हणाले, "असेल. लाकूड फिरलं असेल." बस. पंधरा दिवसांनी तू तिकडच्या नोकरीवर गेलास. येतोस, जेवतोस, बाबांशी हवेबद्दल बोलतोस आणि जातोस.

तुला एक गोष्ट माहीत नाही, कारण तू इथे नसतोस. त्या दिवसानंतर बाबांनी खऱ्या लाकडाला हात लावलेला नाही. सात वर्षं फक्त प्लायवूड. गिऱ्हाईक म्हणतं की चांगल्या लाकडाचा दरवाजा करून द्या, तर बाबा म्हणतात, लाकडातलं मला कळत नाही, दुसरा सुतार बघा. चाळीस वर्षं लाकूड नुसतं हुंगून ओळखणारा माणूस. त्या गोल पटाश्या, ज्या वापरून त्यांनी तुझ्या गिटारचं पोट आतून-बाहेरून कोरलं होतं, त्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून सगळ्यात खालच्या खणात आहेत. मी कितीदा बघितल्यात.

तर सोमवारी दुकानातून अर्धी सुट्टी काढून मी गिटार पाठीला बांधली आणि वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे गेले. बसडेपोच्या मागे, शिंप्याच्या दुकानाच्या वर, एक खिडकी आणि एक बाक एवढाच कारखाना. भिंतीवर व्हायोलिनं मान लटकवून टांगलेली, आणि सगळीकडे सरसाचा वास. बाईंना सगळे मावशी म्हणतात. केस पांढरे, हातावर जुने कापल्याचे व्रण, आणि बोलणं असं की आपल्या आईला गोडबोली म्हणावं. मी पायरी चढतानाच म्हणाल्या, चप्पल बाहेर, तोंड बंद, वाद्य बाकावर. मी तिन्ही गोष्टी केल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी चादर काढली आणि गिटार सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. मग हसायला लागल्या, पण टिंगल करणारं हसू नव्हतं. बाबांनी तारा अडकवायला खाली कपाटाची पितळी बिजागरी लावलीय, ती त्यांनी उघडझाप करून बघितली. आवाज बाहेर यायची दोन भोकं बघितली. आपल्याला त्यात कधी काही वाटलं नाही, कारण आपण ती रोज बघत होतो, पण मावशी म्हणाल्या की अशा फुगीर पोटाच्या गिटारला व्हायोलिनसारखी वळणदार भोकं असतात, ही तर चावीची भोकं आहेत, एक मोठं आणि एक लहान. मी म्हटलं, वडील सुतार आहेत, कुलपं बसवायचे, तेच हत्यार होतं. लाकूड कुठलं विचारलं. मी सांगितलं, एका बंद पडलेल्या कापडदुकानाच्या काउंटरची फळी. त्यांनी नाक लावून वास घेतला आणि म्हणाल्या, हे लाकूड तुझ्या आजोबांपेक्षा म्हातारं आहे. मी म्हटलं, ते फिरलंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्यांना खोटी नोट दिलीय.

दुखणी तीन निघाली. पोटाला वितभर चीर गेली होती, कारण तू गिटार ठेवलीस ती त्या कपाटावर, तापलेल्या पत्र्याच्या अगदी खाली, सात उन्हाळे. आतली एक पट्टी सुटली होती, ती हलवली की आत कुणीतरी दात वाजवतंय असं ऐकू यायचं. आणि मान जाड, फावड्याच्या दांड्यासारखी. पहिली दोन त्यांनी तीन दिवसांत केली. लहानसा आरसा चावीच्या भोकातून आत घालून, वाकड्या तारेनं सरस लावून, आतून पट्टीला टेकू दिला. चिरेच्या आत पोस्टाच्या तिकिटाएवढे लाकडाचे तुकडे बसवले. मी रोज दुकान सुटल्यावर जायचे आणि लाकूड आवळायचा शिकंजा धरून उभी राहायचे. एकदा त्यांचा चष्मा लपवायचा विचार आला होता, पण तो त्या स्वतःच डोक्यावर ठेवून रोज हरवतात, माझी गरजच नाही.

गुरुवारी त्यांनी मोजायला घेतलं. मोजमाप सोपं असतं दादा, मला पण कळलं म्हणजे बघ. तार जिथून सुटते तिथपासून मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत, म्हणजे पडद्यापर्यंत, जेवढं अंतर, तेवढंच त्याच्या पुढे घोडीपर्यंत हवं. घोडी म्हणजे ती तारांखालची लाकडी कमान. त्यांनी एकेक पडदा मोजला, दोन वेळा, आणि म्हणाल्या, ज्यानं हे पडदे बसवलेत त्याचा हात मला मिळाला असता तर मी ह्या धंद्यात श्रीमंत झाले असते. एक पडदा केसभर चुकलेला नाही. मान सरळ. पोट खचलेलं नाही. फिरलंबिरलं काहीच नाही. मग त्यांनी घोडीपर्यंत पट्टी धरली आणि थांबल्या. घोडी अर्धं बोट पुढे होती, मानेकडे. त्यांनी तारा काढल्या, घोडी उचलली, ओल्या फडक्यानं धूळ पुसली आणि दिवा आडवा धरला. जिथे घोडी असायला हवी, बरोब्बर तिथे, पॉलिशमध्ये दोन पायांचे ठसे होते. पॉलिश ओलं असताना तिथे उभी राहिलेली घोडी. म्हणजे बाबांनी ती योग्य जागीच ठेवली होती. अशा गिटारला घोडी चिकटवलेली नसते, दादा. नुसती उभी असते, तारांच्या दाबावर. तुला हे माहीत नव्हतं. तू शिकलास त्या सपाट गिटारवर, तिची घोडी चिकटवलेली होती, तुला वाटलं हिचीही तशीच. बाबांना वाटलं तुला माहीत असेलच. मावशी म्हणाल्या, एवढ्याशानं खालचे सूर बरे वाटतात, वर गेलं की सगळं कडू होतं. मग विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, आई, बाबा आणि मी. त्या "हं" म्हणाल्या आणि चष्मा शोधायला लागल्या.

मी त्यांना एक विनंती केली. घोडी परत सरकणार नाही असं काहीतरी करा. त्या म्हणाल्या, जाणकार लोक नाकं मुरडतील, अशी घोडी मोकळीच ठेवायची असते. मी म्हटलं, मुरडू देत. मग त्यांनी ठशांच्या जागी काडीएवढ्या दोन लाकडी खुंट्या बसवल्या, घोडीच्या पायांत तेवढीच भोकं पाडली. आता ती बसते ती बसतेच.

राहिली मान. ती बारीक करा म्हटलं तर मावशींनी हात वर केले. करणारा जिवंत असेल तर त्याच्या कामावर मी माझा रंधा चालवत नाही, हा माझा नियम आहे, त्याला बोलाव. आता बाबांना तिथे न्यायचं कसं. खरं सांगितलं असतं तर ते आले नसते. म्हणून मी शुक्रवारी मावशी खाली चहा आणायला गेल्या तेव्हा त्यांच्या बाकाच्या एका पायाखालची चकती काढून खिशात घातली आणि घरी येऊन बाबांना म्हटलं, एका म्हाताऱ्या बाईंचा बाक डुगडुगतोय, हात कापून घेतील, जरा बघता का. बाबा शनिवारी दुपारी पिशवी घेऊन आले. खाली वाकून बाकाचा पाय बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. मी चकती काढून दिली. ती त्यांनी जागेवर सरकवली, उठले, आणि तेव्हा त्यांना बाकावरची गिटार दिसली.

ते निघून जातील असं मला वाटलं. मावशी त्यांच्याशी गोड वगैरे बोलल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्हीच का ते ज्यांना लाकडातलं कळत नाही. इकडे या. आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. बाबांनी मोजलं. परत मोजलं. मानेवर डोळा लावून एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. मावशींनी त्यांना ठसे दाखवले. ते ठशांवर बोट ठेवून इतका वेळ उभे राहिले की खाली एक पूर्ण शर्ट शिवून झाला असेल. मग गिटार उलटी केली, अंगठा जिभेवर ओला केला आणि पाठीवरच्या पेन्सिलच्या रेघा पुसल्या. दोन्ही.

मान त्यांनीच तासली. तीन दुपारी लागल्या, रविवार, सोमवार, मंगळवार. घरून ते बनियनमधलं बोचकं घेऊन आले. पहिल्या दिवशी पटाशी दोनदा घसरली. मावशी बघतायत हे बघून बाबा म्हणाले, गंज चढलाय. त्या म्हणाल्या, पटाशीला की तुम्हाला. बाबा हसले. सोमवारी त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "त्याचा अंगठा कुठे यायचा गं?" तू मान धरायचास तेव्हा तुझा अंगठा वर डोकवायचा, कुंपणावरून बघणाऱ्या शेजाऱ्यासारखा. मी लहानपणी तुझी नक्कल करायचे ना, झाडू घेऊन, त्यामुळे मला पाठ होतं. मी धरून दाखवलं. त्यांनी माझ्या अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना खूण केली आणि तेवढंच तासलं, कागदासारखं पातळ पातळ. माझा हात लहान, म्हणून तुझ्या मापाचं अंतर त्यांनी डोळे मिटून धरलं. काय आठवून ते मला माहीत नाही. बहुतेक तुझं बोट धरून चालायला शिकवलेलं.

मंगळवारी संध्याकाळी तारा चढल्या. मावशींनी वाजवलं, आधी खाली, मग वर, मग अगदी वर, जिथे तू हॉलमध्ये थांबला होतास त्याच्याही पुढे. स्वच्छ. खोलीत कुणीतरी खिडक्या पुसल्यासारखं. बाबांनी गिटार मागितली. त्यांना वाजवता येत नाही हे तुला माहीतच आहे. त्यांनी आपलं ते जाडं बोट एका तारेवर ठेवलं आणि पहिल्या पडद्यापासून बाराव्यापर्यंत एकेक सूर वाजवला, प्रत्येकाला मान हलवत, शाळेत हजेरी घेतल्यासारखं. बारावा वाजला आणि त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं, खरंच दिसलं, ते दोन बोटं उंच झाले. मग मावशींकडे बघून त्यांनी विचारलं, "मग तेव्हा काय झालं होतं?" मावशी म्हणाल्या, चहा बघते. आणि खाली निघून गेल्या.

दादा, बाबांना मी तेव्हा जे सांगितलं तेच आता तुला सांगते, आणि हे पत्र त्याचसाठी आहे. त्या दिवशी दुपारी तू गिटार पुसून, तारा सैल सोडून आंघोळीला गेलास आणि मी घोडी सरकवली. अर्धं बोट. ती हलते हे मला आधीच्या आठवड्यात तुझ्या माघारी खेळताना कळलं होतं. मला वाटलं होतं तू आलास की वाजवशील, बेडकासारखा आवाज येईल, तू ओरडशील आणि माझ्यामागे घरभर पळशील. तू उशिरा बाहेर आलास, मोकळ्या तारा सुरात लावल्यास, त्या बरोबर लागल्या, आणि पळालास. मोकळ्या तारांना फरक पडत नाही हे मला काय माहीत. हॉलमध्ये सूर आंबायला लागला तेव्हा मला कळलं, आणि मी खुर्चीचा दांडा धरून बसले. रात्री सांगणार होते. मग तू बाबांना ते बोललास आणि बाबा "असेल" म्हणाले, आणि मग सांगायची जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा अवघड, तिसऱ्या दिवशी त्याहून. अशी सात वर्षं. बाबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, किती सरकवली होतीस. मी बोट दाखवलं. ते माझ्या बोटाकडे बघत म्हणाले, "एवढंच?" आणि तोंडावर हात धरून रडले की हसले ते मला कळलं नाही, दोन्ही असेल. घरी येताना ते लाकडाच्या वखारीत शिरले, अर्धा तास फळ्यांवर टकटक करत फिरले आणि सगळ्यात जड फळी विकत घेऊन माझ्या डोक्यावर दिली, शिक्षा म्हणून. मी ती अख्ख्या बाजारातून घरी आणली. मान अजून दुखतेय, पण त्या रात्री मी अशी झोपले की आईनं नाकाखाली बोट धरून बघितलं. बाबा म्हणाले, त्याला तू सांग, तुझ्या अक्षरात, मी मध्ये पडणार नाही. एवढंच मात्र लिही म्हणाले, की त्याचा कान बरोबर होता. त्या दिवशी त्याला जे ऐकू आलं ते खरंच बेसूर होतं, आणि मी बाप असून त्याला तेव्हा तेवढंही म्हटलं नाही. तर दादा, तुझा कान खरा होता आणि त्यांचं लाकूडही. गिटार वाजवायला ये किंवा नको येऊस, ते तुझं तू ठरव. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, हवं तेवढे दिवस, मी दुकानात नऊ ते सहा असते. बाबांवर मात्र आता एक दिवसही नको.

तुझीच, आणि या वेळी अगदी सरळ,
उचापत